त्याच्या वाटेवरचा चेंडू

टर्नर : परत घेणार नसाल तर स्पष्ट सांगा, बाई. पण हा गोल्फचा सेट बिघडलेला आहे.

दुकानवाली : सेट ठणठणीत आहे, काका. तुम्ही घेतलात तेव्हाच म्हणाले होते, ही पातळ पाती नवख्याच्या कामाची नाहीत. ऐकलंत?

टर्नर : अडतीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर काढलीत मी. धातू हातात घेतला की काम कळतं. काय फिनिशिंग आहे यांचं! तुमच्या त्या दुसऱ्या स्टिका म्हणजे नुसत्या पळ्या.

दुकानवाली : पळ्याच आहेत. वाढायला पळीच लागते, वस्तरा नाही. या पात्यावर नखाएवढी जागा असते. चेंडू तिथेच लागला तर ठीक, नाहीतर हाताला झिणझिण्या आणि चेंडू झाडीत.

टर्नर : उजवीकडे. दर वेळी उजवीकडेच.

दुकानवाली : मग! दुकान टाकण्याआधी बावीस वर्षं याच मैदानावर पिशव्या वाहिल्या मी. साहेबाचा चेंडू डबक्यात आणि शिव्या मला. सोप्या स्टिका घेतल्या तर या साहेब लोकांचं नाक कापलं जातं म्हणे. अहो, कोण कुत्रं बघतंय? या घ्या. बूड रुंद, मागून पोकळ, वजन कडेकडेला. चुकून लागला तरी सांभाळून घेतात. लांब दांड्याच्या दोन काढून टाकू, त्यांच्याऐवजी हे गोल डोक्याचे हायब्रिड. लांबही जाईल.

टर्नर : लांब नकोय. सरळ हवाय. नव्वद पावलं गेला तरी चालेल, पण सरळ.

दुकानवाली : लांब नको म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच बघतेय. स्पर्धा-बिर्धा आहे की काय?

टर्नर : मुलगा येतोय. एक दिवस.

दुकानवाली : तो खेळतो?

टर्नर : चांगला खेळतो. गेल्या वर्षी म्हणाला, चला बाबा, चार तास आपण दोघंच. मी शर्टाला इस्त्री केली.

दुकानवाली : मग?

टर्नर : मग काय. जो तो आपल्या चेंडूकडे चालतो. त्याचा मधोमध, माझा झाडीत. तो तिकडून, मी इकडून. होलपाशी भेटायचं. ‘किती फटके?’ ‘पाच. तुमचे?’ ‘नऊ.’ की परत पांगलो. अठरा होल, अठरा वेळा. चार तासांत तेवढंच बोललो आम्ही.

दुकानवाली : मग खेळ गेला खड्ड्यात म्हणा! घरी बस म्हणावं माझ्यापाशी.

टर्नर : समोरासमोर बसून जमत नाही आम्हाला. आधी फोन हिच्याकडे, त्याच्या आईकडे यायचा. मी मागून ओरडायचो, बरा आहे म्हणावं. ती गेल्यापासून माझ्याकडे येतो. बरे आहात ना? बरा आहे. मग दोघंही फोन धरून गप्प. चालताना जमेल असं वाटतं. एकमेकांकडे बघावं लागत नाही.

दुकानवाली : धरा ही स्टिक. जाळीत मारून बघा. जोर नको, नुसती फिरवा.

(एक फटका. दुसरा. जरा थांबून तिसरा.)

टर्नर : हा तर टोकाला लागला.

दुकानवाली : लागला. तरी गेला ना मधोमध?

टर्नर : हाताला काही कळलंच नाही.

दुकानवाली : कळू नये म्हणूनच बनवल्यात. तो जुना सेट ठेवा इथेच. आणि पहिला फटकाही याच गोल डोक्यानं मारायचा. त्या लांबड्या ड्रायव्हर स्टिकला हात लावाल तर याद राखा.

टर्नर : नाही लावणार.

दुकानवाली : पण काका, एक सांगते, राग मानू नका. तो जवान माणूस, अडीचशे पावलं मारणार. तुम्ही कितीही सरळ मारलंत तरी मागेच राहणार.

टर्नर : राहू दे की. वळून बघितलंच त्यानं, तर त्याच्याच वाटेवर दिसेन तरी.