लाल वायरीची गाठ

(घराशेजारची शेड. जुन्या गाडीचं बॉनेट उघडं.)

बाबा : आधी मोठा पाइप बघ.

मुलगी : बघितला, बाबा.

बाबा : दाबून बघ. जिथं वळतो तिथं, मागच्या अंगानं. रबराला चीर पडली तर ती समोरून दिसत नाही.

मुलगी : दाबला, वाकवला, टॉर्च मारून बघितला. कोरा करकरीत आहे. तुम्हीच बदललाय मागच्या वर्षी.

बाबा : मी?

मुलगी : आईनं सांगितलं होतं फोनवर. पाइप मिळाला म्हणून आठवडाभर स्वारी खुशीत होती म्हणे.

बाबा : असेल. या गाडीचा पाइप मिळतो कुठं आता. ऐक. चढतंय, उतरतंय. चढतंय, उतरतंय. जिना चढून आलेल्या माणसासारखं चाललंय इंजिन.

मुलगी : मी स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवलीय म्हणून एवढं तरी धरतंय. नाहीतर पाय काढला की बंद. आणि गिअर टाकला की नुसती खोकते, जागची हलत नाही.

बाबा : हवा खातेय. झडपेतून जाते ती हवा मोजून जाते आणि त्या मापानं पेट्रोल मिळतं. झडपेच्या पुढं चोरवाटेनं घुसली ती हवा हिशेबातच येत नाही. मग हवा भरपूर आणि पेट्रोल कमी. उपाशी आहे बिचारी. झडप साफ केलीस का?

मुलगी : सकाळीच केली.

बाबा : ऑइलचं झाकण उघड. चालू इंजिनावरच.

मुलगी : उघडलं.

बाबा : काही फरक?

मुलगी : नाही. तशीच चालतेय.

बाबा : बघ. धडधाकट गाडी असती तर झाकण उघडल्या उघडल्या बंद पडायला आली असती. हिला कळलंसुद्धा नाही. म्हणजे याच्याहून मोठं भोक आधीच कुठंतरी आहे. लाव ते. झडप साफ केलीस?

मुलगी : केली, बाबा.

आई : माझी इस्त्रीची बाटली कुणी पळवली?

मुलगी : इथं आहे. पाणी फवारून बघायचंय.

आई : आता गाडीला इस्त्री?

बाबा : एकेका सांध्यावर फवारा मारायचा. जिथून हवा ओढतेय तिथून पाणी ओढलं की इंजिन क्षणभर अडखळतं. पेट्रोल फवारणारे महाभाग असतात. त्यांच्या भुवया जळतात.

आई : बरं, म्हातारी काय म्हणतेय?

मुलगी : गाडी ना?

आई : मग मी वाटले? मी ठणठणीत आहे. घरात कुणीतरी असायला नको का. दादाचा फोन आला होता. गिऱ्हाईक थांबलंय, काय सांगू म्हणून विचारत होता.

मुलगी : सांग, विकायची नाही. उद्या बाबा चालवणार आहेत. नदीपर्यंत जाऊन परत. मी शेजारी बसणार आहे.

आई : तू शेजारी बसून काय करणार? ब्रेक तुझ्या पायाखाली आहे का?

बाबा : मी इथंच बसलोय. मला ऐकू येतं.

मुलगी : ऐकतेस ना? कान बघ, बोलणं बघ. इंजिनाजवळ बसले की एक शब्द चुकत नाही यांचा. डॉक्टरांनी काय सांगितलंय? हात कामात ठेवा. आणि तुम्ही मायलेक गाडी विकायला निघालात.

आई : इंजिनाजवळ चुकत नाही, खरं आहे. पण परवा संध्याकाळी मला म्हणाले, बाई, तुम्ही घरी कधी जाणार?

बाबा : मी म्हणालो असं?

आई : म्हणता कधी कधी.

बाबा : मग तू काय सांगितलंस?

आई : काय सांगणार. जाईन सावकाश, घाई नाही, म्हटलं.

मुलगी : आई, आत्ता नको ना हे. बाबा, ब्रेकच्या बूस्टरचा पाइप काढून बघते, तिथूनही हवा शिरत असेल.

बाबा : इंजिन बंद कर. आणि आधी लाल बांध.

मुलगी : एका मिनिटाचं तर काम आहे.

बाबा : एका मिनिटातच घात होतो. चहा येतो, गिऱ्हाईक येतं, माणूस उठतो आणि विसरतो. गाडी मात्र रस्त्यावर जाते. जे सैल सोडशील त्याला लाल वायर बांधायची. कुठं लाल दिसली तर?

मुलगी : ज्यानं बांधली त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

बाबा : आणि सोडायची कुणी?

मुलगी : ज्यानं बांधली त्यानंच. पाढ्यांच्या आधी हे पाठ झालंय मला.

बाबा : दाखव गाठ. हं. शेपूट बाहेर राहिलं, पंख्यात अडकेल. तुझी गाठ नेहमी घाईची, स्टेशनावर गाडी चुकत असल्यासारखी.

मुलगी : आणि तुमची?

बाबा : माझी दोन वेढ्यांची, शेपूट आत खोचलेलं. गॅरेजमध्ये दिवे गेले तरी माणसं नुसत्या बोटांनी सांगायची, ही मालकांची.

मुलगी : पाइप ठीक आहे. बसवला, त्याच्यावरचा पट्टा स्क्रूनं आवळला, लाल काढली. आता?

बाबा : आता कान. ती रबरी नळी दे. हे टोक माझ्या कानाला, दुसरं तू फिरव. सुरू कर.

मुलगी : हा पहिला इंजेक्टर.

बाबा : नाही. इथं नुसती टिकटिक आहे.

मुलगी : दुसरा. तिसरा.

बाबा : नाही. नाही. खाली जा. पंख्यापासून बाही सांभाळ. अजून खाली, हवेच्या डब्याच्या बुडाशी. थांब. इथं.

मुलगी : मला तर काहीच ऐकू येत नाही.

बाबा : शीळ आहे, बारीक. दातांतून घालतात तशी. मार पाणी.

मुलगी : मारते. अडखळली, बाबा. परत मारते. हो, अडखळतेय. सापडलं.

बाबा : सापडणारच. कान आहेत अजून. बाकीचं जाऊ दे.

आई : तिथं काय असतं?

बाबा : एक छोटा पाइप येतो डब्याला, खालून. गार इंजिन सुरू व्हावं म्हणून जास्तीची हवा देणारा. भलतीच अडचणीची जागा. मनगट पिळवटून घालावं लागतं, सालटं निघाल्याशिवाय हात बाहेर येत नाही. कंपनीत ज्यानं ही जागा ठरवली त्यानं जन्मात कधी पाना धरला नसावा. बंद कर इंजिन. आरसा घे, दांडीवाला.

मुलगी : दिसतंय. पाइप अर्धा निसटलाय.

बाबा : झिजलाय?

मुलगी : नाही. पाइप चांगला आहे, पट्टाही चांगला आहे. पण पट्ट्याचा स्क्रू पूर्ण मोकळा केलाय. हा आपोआप निसटलेला नाही, बाबा. ओढून, वळवून ठेवलाय, परत बसू नये असा. कुणीतरी मुद्दाम केलंय हे.

बाबा : कुणी?

मुलगी : आई, तू?

आई : मी? अगं, बॉनेट कुठून उघडतात ते मला माहीत नाही.

मुलगी : मग दादा. मागच्या खेपेला किल्ली लपवा, किल्ली लपवा, असं चाललं होतं त्याचं.

आई : त्याला टायरमध्ये हवा भरता येत नाही. तो कसला हात घालतोय तिथं.

मुलगी : मग माणूस बोलावला असेल. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत. बाबांना विचारलंत का? माणूस समोर बसलाय जिवंत आणि त्याच्या हातातलं एकेक काढून घेताय. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

आई : बोल. अजून बोल. मी आहेच ऐकायला. सकाळी यांच्या शर्टाची बटणं मी लावते, ते तुला फोनवर दिसत नाही.

बाबा : भांडू नका गं. ज्यानं केलं त्याला कळत होतं. ब्रेकच्या पाइपला हात लावला नाही. पेट्रोलची नळी सोडली असती तर आग लागली असती, तीही सोडली नाही. एकही तार तोडलेली नाही. गाडीचं काही बिघडणार नाही आणि गाडी फाटकाबाहेरही जाणार नाही, अशी एकच जागा आहे. ती त्यानं बरोबर शोधलीय. चांगलं काम आहे.

मुलगी : कौतुक काय करताय, बाबा? थांबा. टॉर्च जरा तिरका... बाबा.

बाबा : काय?

मुलगी : लाल वायर आहे.

बाबा : तुझीच असेल. मघाची.

मुलगी : माझी माझ्या खिशात आहे. ही पट्ट्याला आहे. मागच्या बाजूला, धूळ बसलीय तिच्यावर.

बाबा : वेढे किती?

मुलगी : दोन.

बाबा : शेपूट?

मुलगी : आत खोचलंय.

बाबा : आरसा दे इकडं. टॉर्च नीट धर. हं. माझी गाठ आहे.

मुलगी : हो.

बाबा : मी कधी बांधली?

मुलगी : मला काय माहीत, बाबा.

बाबा : मला का आठवत नाही?

आई : मला ठाऊक आहे कधी ते. म्हणजे, आत्ता कळतंय.

मुलगी : काय कळतंय?

आई : या खेपेला तू यायच्या आधीची गोष्ट. शाळा सुटायच्या वेळेला हे गाडी घेऊन बाहेर पडले आणि बऱ्याच वेळानं चालत घरी आले. किल्ली हातात नाही, गाडी नाही. शेजारचे जाऊन घेऊन आले. शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उभी होती. इंजिन चालू, दार सताड उघडं, पोरं दोन्ही बाजूंनी वाट काढत होती.

मुलगी : कुणाला लागलं?

आई : नाही. कुणालाही नाही. एक मुलगी रस्ता ओलांडत होती. ती दिसली यांना, पण तीन पेडलांतला ब्रेक कुठला तेच सुचेना. शेवटी हातब्रेक ओढला.

मुलगी : मला का नाही सांगितलंस?

आई : यांनी गळ घातली. म्हणाले, धाकटीला कळू देऊ नकोस. एक तीच मला अजून मालक समजते.

मुलगी : आई गं.

आई : त्या दिवशी संध्याकाळी एकटेच इथं खुडबुडत होते. आत आले ते मनगट सोलवटून. मी औषध लावलं, विचारलं, काय केलंत? तर म्हणाले, झालं काम. मला वाटलं, दुरुस्त केली.

मुलगी : आणि मग?

आई : मग काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच विचारलं, गाडी का धरत नाही गं?

बाबा : केवढी होती ती?

आई : कोण?

बाबा : मुलगी. रस्त्यातली.

आई : राहू द्या हो आता.

बाबा : केवढी होती?

आई : लहान होती. पाठीवर दप्तर होतं, एवढंच सांगितलंत तुम्ही मला.

मुलगी : बाबा, चुकलं माझं. मला वाटलं होतं, एकदा गाडी चालवलीत की पहिल्यासारखे व्हाल. खरंच वाटलं होतं. बाकी सगळे हात टेकून बसलेत आणि मी एकटीच काहीतरी करतेय, असं.

बाबा : रडू नकोस. स्क्रूड्रायव्हर दे.

मुलगी : कशाला?

बाबा : माझी गाठ आहे. सोडायची तर मीच सोडायची.

आई : अहो...

मुलगी : थांब, आई. हा घ्या स्क्रूड्रायव्हर. पण सोडायची का, बाबा? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते.

बाबा : मी उगीच बांधत नाही.

मुलगी : नाही. कधीच नाही.

बाबा : ही आत्ता सांगत होती ते ऐकलं मी. ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतंय. शाळा, पट्टे, काही येत नाही डोळ्यांसमोर. पण गाठ माझी आहे. ज्यानं बांधली त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मुलगी : मग?

बाबा : राहू दे. बॉनेट लाव. हळू, आपटू नकोस.

आई : चला आत. चहा टाकते.

मुलगी : दादाला मी फोन करते, आई. भांडत नाही. गिऱ्हाईक नको, एवढंच सांगते. राहू दे ना इथंच?

आई : राहू दे. खायला का मागतेय.

(चहानंतर. तीच शेड.)

बाबा : ही इथं अशी का उभी?

मुलगी : धरत नाहीये, बाबा.

बाबा : चढते-उतरते का?

मुलगी : हो.

बाबा : मग हवा खातेय कुठूनतरी. झडप साफ केलीस?

मुलगी : केली.

बाबा : ती नळी आण, स्टूल ओढ इकडं. आधी मोठा पाइप बघ. मागच्या अंगानं, वळतो तिथं.

मुलगी : बघते.

बाबा : घाई करू नकोस. आणि पाणी फवारायला काहीतरी लागेल.

आई : ही घ्या बाटली. भरून ठेवलीय.