व इतर

रसायनशास्त्राचा प्रबंध काखोटीला मारून ती बाइंडिंगवाल्याच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक आत्या आणि भाची.

“आत्या, पाचला जमा करायचाय. वाचत काय बसलीस?”

“विषय काय गं तुझा?”

“तूच तर टाइप केलास! जुन्या कागदांत पुरुषांची नावं असतात आणि बायका ‘व इतर’मध्ये जातात. त्या इतर कोण, ते शोधलंय.”

“तीनशे पानं मी टाइप केली. आभाराचं तेवढं तू केलंस.”

“मग?”

“‘बाबा, सर, ग्रंथपाल व इतर.’”

“अगं आई गं!”

“तीसुद्धा इतरांतच आहे.”

“बाइंडरकाका, आमचा इतक्यात शिवायला घेऊ नका! एक पान बदलायचंय.”

“पावणेपाच झालेत, पोरी.”

“होऊ देत.”

“आणि नुसतं ‘आत्या’ नको लिहूस. मला नाव आहे.”