झाकण हातात असेपर्यंत

बायको : झाकण घेतलंत का हातात?

नवरा : घेतलं. पण त्याआधी दोन शब्द सांगतो, म्हणजे हा फोटो बघायचा कसा ते...

बायको : झालं! सुरू व्हायच्या आधीच हरलात. अहो, झाकण हातात आलं की तोंड बंद. तुमच्याच क्लबचा नियम ना?

अक्का : कसलं झाकण गं वहिनी? बरणीचं?

बायको : कॅमेऱ्याच्या लेन्सचं, वन्सं. यांच्या फोटो क्लबात ज्याचा फोटो भिंतीवर लागतो, त्याच्या हातात ते झाकण देतात. बाकीचे अभिप्राय देतात आणि झाकणवाल्यानं नुसतं ऐकायचं. सगळ्यांचं बोलून झालं की झाकण खाली ठेवायचं, मग तोंड उघडायचं.

नवरा : विधायक अभिप्राय म्हणतात त्याला. आधी एक गुण सांगायचा, मग एक सुधारणा, शेवटी पुन्हा एक गुण. समोरच्याचा उत्साह टिकला पाहिजे.

बायको : उद्या पहिल्यांदाच यांचा फोटो लागणार आहे, वन्सं. वर्षभर लोकांच्या फोटोंची सालटी काढली, स्वतःचा एक म्हणून दाखवला नाही. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, उद्या तुमची पाळी, नाहीतर आमच्याबद्दलही बोलू नका. म्हणून ही रंगीत तालीम.

अक्का : अगंबाई, म्हणून बोलावलंस होय रे मला? मला वाटलं, बहिणीची आठवण आली.

नवरा : आलीच ना. आठवण आली म्हणून तर कामाला लावली. हं, हा पहिला. बघा.

अक्का : अय्या, छान! फारच छान! कुठला रे हा किल्ला?

नवरा : किल्ला नाही अक्का, गंजलेलं कुलूप आहे.

बायको : झाकण!

अक्का : कुलूपही छान आहे हो. किती... किती गंजलंय.

बायको : मी बोलू? गुण : कुलूप आहे हे ओळखू येतं. उशिरा येतं, पण येतं. सुधारणा : हे आपल्या गच्चीच्या दाराचं आहे आणि त्याला तेल घाला म्हणून मी कधीची कानीकपाळी ओरडतेय. शेवटचा गुण : का घालत नव्हतात ते आज कळलं.

नवरा : अगं, त्या गंजाचा पोत...

बायको : झाकण, अहो.

नवरा : हे ठेवलं खाली. आता ऐक. असं अंगावर येऊन नाही बोलायचं. मी कसं बोलतो बघ. कालची तुझी भाजी. मी काय म्हटलं? 'मिठाचा वापर धाडसी आहे. पुढच्या वेळी थोडा संयम चालेल. भांडं मात्र सुंदर निवडलंस.' दुखावलीस का तू?

बायको : छे! फक्त ते सुंदर भांडं तुमच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

अक्का : आणि त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काय झालं रे? वहिनी फोनवर सांगत होती काहीतरी.

नवरा : त्यांचं काय? त्यांनी मांजराचा फोटो आणला होता. मी अगदी नियमाला धरून बोललो. खिडकीतला उजेड चांगला आला आहे, मांजर नसतं तर फ्रेम अधिक मोकळी वाटली असती, आणि फरशी स्वच्छ आहे.

अक्का : मग?

बायको : मग त्या रडल्या. मांजर गेलं होतं त्यांचं त्याच आठवड्यात. त्यानंतर क्लबात पाऊल टाकलं नाही त्यांनी.

नवरा : मला कसं कळणार? फोटोत ते कुठे दिसत होतं? शेवटी झाकण ठेवल्यावर त्या सांगू शकल्या असत्या की.

बायको : रडणारं माणूस कशाला सांगत बसेल? चला, पुढचा काढा. झाकण घ्या.

अक्का : हा तर बघ किती छान! रंग काय सुंदर आलेत! निळा, गुलाबी, मधे तो आमसुली...

बायको : वन्सं, ते माझे परकर आहेत.

अक्का : अगंबाई!

बायको : दोरीवरचे. दुपारभर काढू दिले नाहीत मला. उजेड तिरपा व्हायचा होता म्हणे. धूळ बसून सगळे परत धुवावे लागले. आणि मागं नाव काय लिहिलंय वाचा. 'अस्तित्व'! उद्या चारचौघांत माझं अस्तित्व भिंतीवर टांगणार होते.

अक्का : हसू नकोस रे, झाकण आहे तुझ्या हातात.

बायको : हसत नाहीयेत ते, गुदमरलेत. पुढचा द्या. हा काय, कावळा का?

अक्का : कावळा छानच दिसतो तसा.

बायको : शेपटी आहे वन्सं नुसती. कावळा निघून गेला. त्या कावळ्याला नेमकं कळतं बघा, कधी उठायचं ते.

नवरा : पुरे. ठेवलं झाकण. हे सगळे नुसती तोंडओळख म्हणून दाखवले. उद्या द्यायचा तो हा. बाकीचं सोडा, पण हा नीट बघा. याच्यावर माझी भिस्त आहे. 'निःशब्द प्रतीक्षा.' घेतलं, पुन्हा झाकण घेतलं.

अक्का : बाक आहे ना? छान आहे बाक. झाडाखाली एकटाच, कुणी म्हणून नाही त्यावर. शांत वाटतं बाई. खरंच छान. वहिनी, आता तू सांग.

(बायको फोटो हातात घेते आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन बघते.)

अक्का : वहिनी? अगं, एवढाही वाईट नाहीये.

बायको : गुण सांगते. उजेड चांगला आहे. संध्याकाळचा आहे. वन्सं, हा दवाखान्याच्या आवारातला बाक आहे, फाटकाजवळचा.

अक्का : कुठल्या? तुझी ती गाठ दाखवायला गेला होतात, तिथला?

बायको : तिथलाच. डॉक्टर म्हणाले, गाठ काढून तपासायला पाठवावी लागेल. बाहेर आलो. मी या बाकावर बसले होते.

अक्का : पण यात तर तू कुठे...

बायको : तीच सुधारणा सांगतेय. हे म्हणाले, 'अगं, जरा उठतेस का? फ्रेममध्ये येतेस.' मी उठले. डाव्या बाजूला कचऱ्याचा डबा आहे, तो फोटोत नाही. त्याच्याजवळ उभी राहिले पिशवी धरून. यांचं आपलं चाललेलं, वाकून, गुडघ्यावर बसून. मला वाटलं होतं, माझ्या शेजारी येऊन बसतील.

अक्का : अरे, काय माणूस आहेस तू!

बायको : शेवटचा गुण तुम्हीच सांगा वन्सं. मला सुचत नाही.

नवरा : अगं, मी...

बायको : झाकण आहे हातात. लग्न झाल्यापासून तुम्ही बोलताय आणि मी ऐकतेय. आज हे झाकण सापडलंय, राहू द्या थोडा वेळ. मला राग आला होता. अजून आहे. गाठ साधी निघाली आणि तुम्ही विसरून गेलात. त्या डब्याचा वास मी विसरले नाही. बस्स, झालं माझं. ठेवा आता खाली.

अक्का : ठेव रे ते. बोल.

(नवरा झाकण खाली ठेवतो आणि गठ्ठ्यातले फोटो चाळायला लागतो.)

अक्का : अरे, बोल की आता! एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा.

नवरा : आणखी एक फोटो आहे. गठ्ठ्यात सगळ्यात खाली. तो दाखवायचा नव्हता.

अक्का : का?

नवरा : त्याला फोटो म्हणत नाहीत.

अक्का : आण इकडे. अगं, ही तर तू वहिनी! याच बाकावर! पण हा सगळा हललाय रे. चेहरा धड दिसत नाही. आणि तिरका किती? कोपऱ्यात हा अंगठा आहे का तुझा? नाही बाई, हा काही छान नाही.

बायको : वन्सं, तुम्ही 'छान नाही' म्हणालात?

अक्का : गेलं गं तोंडातून.

नवरा : बरोबर आहे तिचं. सगळंच चुकलंय. फोकस मागच्या भिंतीवर आहे. क्लबात दुसऱ्या कुणी आणला असता तर मी काय काय बोललो असतो! तू तिथे अशी बसलीस आणि मला बघवेना, म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. तर त्यातूनही तूच दिसायला लागलीस. म्हणून ऊठ म्हटलं.

बायको : आणि मी उठल्यावर?

नवरा : मग बाक रिकामा दिसला. ते त्याहून वाईट होतं. घाबरून नुसतं बटण दाबत राहिलो. थांबलो असतो तर वळून तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

अक्का : मग हे सांगायचं सोडून 'निःशब्द प्रतीक्षा' कसलं लिहितोस मेल्या?

नवरा : सांगायचं कसं ते कळेना. आधी गुण, मग सुधारणा, त्यात काही ते बसत नव्हतं.

बायको : उद्या हा हललेला द्या.

नवरा : अगं, फाडून खातील मला! वर्षभर माझं ऐकून घेतलेले सगळे टपून बसलेत. त्या डॉक्टरीणबाईसुद्धा येणार आहेत म्हणे, उद्यापुरत्या.

बायको : येऊ देत. काय म्हणतील? बाई नसती तर फ्रेम मोकळी वाटली असती, एवढंच ना?

नवरा : आणि मी झाकण हातात धरून गप्प बसायचं?

बायको : बसा की. मी बसेन शेजारी.