कुंड किती खोल?

उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे जाणाऱ्या बसमध्ये सोजरबाई दाराजवळच बसली होती. दारात एक आई लेक सुमनचा हात सोडत नव्हती अन् सहलीचे गुरुजी तिला समजावत होते.

"गुरुजी, तिथलं पानी उकळते म्हंतेत. पोरगी भाजली तं?"

"उकळत नाही, बाई. थर्मामीटर संगं घेतला. सुमन, आंगाचं तापमान सदतीस अंश अन् पान्याचं बेचाळीस निघालं, तं किती जास्त?"

"पाच, गुरुजी."

"अन् कुंड किती खोल हाय?" आईनं विचारलं.

"ते मोजलं नाही अजून," गुरुजी म्हणाले.

"आई, आमी काठावर बसून दोरीनं मोजू ना."

"हिच्या मोठ्या बहिणीलेबी पान्याची लई हौस होती, गुरुजी."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"दोरी मी धरीन," म्हणत आई बसमध्ये चढली.

सोजरबाई सरकून बसली.