मर्व्हचा गुडघा

ऑस्ट्रेलियातल्या हॉर्शमच्या हॉस्पिटलात, वेटिंग रूममध्ये माझ्यासमोर म्हातारा मर्व्ह गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बसला होता. एकेकाळी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानात त्याला अडवणारा डेस शेजारी येऊन टेकला.

“दहा वर्षं माझी जर्सी ओढलीस, डेस. तरी सहाशे गोल मारले मी.”

“माझ्यासमोर किती, ते सांग की.”

“गुडघा मोडला नसता तर अजून मारले असते.”

“ठाऊक आहे. उचलून मीच नेलं तुला.”

“अँब्युलन्समध्येही चढलास. त्यापायी तुमचा संघ हरला.”

“हरू दे. तू लहान पोरासारखा रडत होतास.”

“आज तुझा नंबर कितवा?”

“माझे गुडघे ठणठणीत आहेत.”

“मग आलास कशाला?”

“तुझी लेक म्हणाली, बाबा घाबरलेत, पण सांगणार नाहीत.”

“मी नाही घाबरलो.”

“बरं. मग माझा हात सोड.”

“सोडतो. आधी नाव तर पुकारू दे.”