दोघांनी फिरवलेली घोडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय केरेकेशसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण नाइलाजाने जमलो आहोत त्या आपल्या जनावरांच्या डॉक्टर पिरोश्काबाई, आणि बाहेर शिजणाऱ्या गुलाशच्या रश्श्याकडे नाक लावून बसलेल्या ग्रामस्थांनो,

मी शारोल्ता, घोडेवाल्या बालिंतची मुलगी. बाईंच्या कर्तृत्वावर अध्यक्ष सविस्तर बोललेच आहेत. मी फक्त माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाबद्दल बोलणार आहे. बाबा, दाराकडे बघू नका, बसा तिथेच.

मी नवरा निवडला तो शहरातला, घोडा दिसला की रस्ता ओलांडणारा. बाबांचा पारा असा चढला की त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवताना आईला म्हणायचे, "तुझ्या लेकीला सांग, मीठ दे म्हणावं." पण नवरी घरच्या घोडीच्या गाडीतून चर्चला जाते, ही आपली रीत. ती कशी मोडणार? म्हणून आमच्या फेच्के घोडीला त्यांनी सगळ्या कामांतून सुट्टी दिली. खरारा, आंघोळ, ओटचा खुराक, आणि अंगाला धूळ लागू नये म्हणून तबेल्यातून एक पाऊल बाहेर नाही! आदल्या दिवशी सकाळी पाहतो तर मागचे दोन्ही पाय उशीसारखे सुजलेले. बाबांनी धावतपळत बाईंना बोलावणं धाडलं. मला तर रडू आवरेना.

बाई आल्या. पायांना हात लावून पाहिला आणि हसायलाच लागल्या.

"बालिंतभाऊ, घोडी आहे की कपाटातली कपबशी? अहो, रक्त खाली जातं ते हृदयाच्या जोरावर. पण वर चढायचं कसं त्याने? तुमच्या-माझ्या पोटऱ्या ते दाबून वर ढकलतात. हिला गुडघ्याखाली मांस आहे का कुठे? खूर जमिनीवर टेकला की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांत पडदे असतात, ते त्याला मागे फिरू देत नाहीत. तुम्ही चालणंच बंद केलंत, मग पाणी साचून पाय सुजणार नाहीत तर काय!"

"मग इंजेक्शन?" बाबांनी विचारलं.

"फिरवा तिला. आणि हो, दोघांनी धरायचं, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एकट्याने धरलं तर ती एकाच अंगावर भार टाकते. शारोल्ता, तू धर गं."

झालं! घोडीच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी, आणि समोर अख्खं कुरण. कुरणाला दोन फेऱ्या झाल्या. मग घोडीच्या मानेपलीकडून आवाज आला, "तो पोरगा... तुला हसवतो का गं?" मी म्हटलं, "खूप." पुढे आम्ही काय काय बोललो ते सांगत नाही, पण संध्याकाळी सूज उतरली तरी आम्ही दोघं फिरतच होतो. आयुष्यात इतकी आनंदात मी कधी नव्हते.

आज मी स्वतः घोडे पाळते. सुजलेल्या पायांची घोडी कितीदा तरी एकटीने फिरवली आहे. एका अंगावर भार टाकणारी एकही अजून भेटली नाही. मघाशी चहाच्या वेळी मी बाईंना विचारलं, "ते दोघांनी धरायचं कुठल्या पुस्तकात लिहिलंय हो?" बाई म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या तोंडावर लिहिलं होतं."

बाई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. आणि बाबा, डोळे पुसून झाले असतील तर टाळ्या वाजवा.