बापूंचे मासे जेवले का?

आमच्या बापूंनी मासे पाळले म्हटल्यावर अख्खं कोरीट गाव हसलं होतं. बापू म्हणजे माझे थोरले काका. घरात अंडंसुद्धा चालत नाही, शेततळ्यात रोहू सोडले ते निव्वळ विकायला. पण पाणी एवढं गढूळ की मासा म्हणून दिसेना. मासे जिवंत आहेत की मेले, बापूंना एकच घोर, "जित्ता शेत का मरी ग्यात?"

शेवटी मी पाइपात काय अडकलंय ते बघायचा स्वस्तातला कॅमेरा आणला, बांबूला बांधून तळ्यात सोडला आणि वायर मोबाइलला जोडली. स्क्रीनवर नुसता चहा! मग बापूंनी तिथं मूठभर कोंडा टाकला, आणि स्क्रीनभर एक तोंड आलं, उघडझाप करणारं. बापू मोबाइलवर वाकून म्हणाले, "जेवना का रे भो?"

तिथंच सगळा घोटाळा झाला. व्यापारी जाळं घेऊन आला, तर बापू म्हणतात, "आज नको. त्या आत्तेच जेयेल शेत." मासे नुकतेच जेवलेत म्हणे! पुढच्या आठवड्यात आला, तरी तेच. शेवटी त्यानं कोरीटचा नादच सोडला. आता मासे खाऊन सुस्त, आणि बापू दिवसभर मोबाइल धरून बांधावर.

काल मोठ्या आईनं, म्हणजे बापूंच्या बायकोनं, मला चुलीपाशी बोलावलं. मला वाटलं, आता कॅमेरा फोडायला सांगणार. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तो कॅमेरा आठे चुल्हाजोडे लाव रे भो. माले बी कोणी इचारी, जेवनी का म्हनीसन."